प्रवेश सोडला म्हणजे समाजाचं नाव घालवलं का?

जळकोटच्या बसस्टँडजवळ आम्ही एक फ्लेक्स लावला होता. वर बाबासाहेब, खाली आमच्या वस्तीतली मुलगी, आणि मजकूर : 'इंग्लंडमध्ये एम.ए.साठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. सोलापूर-हैदराबाद रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला तो दिसायचा. विहारात सत्कार केला, भाषणं ठोकली. पैसे कुठून येणार, हे आमच्यापैकी एकानेही विचारलं नाही.

तिने विद्यापीठाला होकार कळवला होता. दुसरा इलाजच नसतो. शिष्यवृत्तीच्या अर्जाला प्रवेशपत्र लागतं, जागा राखायला विद्यापीठ होकार आणि डिपॉझिट मागतं, आणि शिष्यवृत्तीची यादी त्यानंतर केव्हातरी लागते. म्हणजे खिशात दमडी नसताना 'येते' म्हणायचं. आईने बचत गटातून 50 हजार उचलले. यादी लागली, तीत पोरीचं नाव नव्हतं. शेवटी तिने प्रवेश सोडत असल्याचा मेल पाठवला.

मग सुरू झालं. "सत्कार घेतला आणि घरी बसली. समाजाचं नाव घालवलं." बोलणारे आपलेच होते, म्हणून हे लिहावं लागतंय.

यादीत नाव आलं तरी काय होतं, तेही बघा. 2025 मध्ये केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीसाठी 106 जण निवडले गेले. जुलैपर्यंत त्यातल्या 40 जणांनाच तात्पुरती पत्रं मिळाली. बाकी 66 जणांना निधी उपलब्ध झाल्यावर बघू, असं सांगण्यात आलं. सप्टेंबरात वर्ग भरणाऱ्या पोरांनी विद्यापीठाला काय कळवायचं? शब्द फिरवला कोणी?

बाबासाहेबांनाही बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने 1917 मध्ये लंडन सोडावं लागलं. पण निघण्याआधी त्यांनी चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी मिळवली. सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत झाली, नवल भथेनांकडून कर्ज घेतलं आणि 1920 मध्ये ते परत गेले. 1921 मध्ये एम.एस्सी., 1923 मध्ये डी.एस्सी. जयंतीला हे सगळं आम्ही घसा ताणून सांगतो. परवानगीची गोष्ट मात्र गाळतो.

कारण आमच्या पोरीलाही तेच करता आलं असतं. प्रवेश पुढच्या वर्षावर ढकला, असा अर्ज त्या विद्यापीठात चालत होता. त्याला तारीख होती. यादी लागल्यावर ती तीन आठवडे गप्प राहिली. का, असं विचारलं तर म्हणाली, "दादा, स्टँडवर फोटो होता ना." बोलली तोवर तारीख उलटली होती. डिपॉझिटही बुडालं. त्या तीन आठवड्यांचे धनी आम्ही आहोत, ती नव्हे.

बचत गटाचे हप्ते आता आम्ही सातजण वाटून भरतो. तिने यंदा पुन्हा अर्ज केलाय. मुदत वाढवून मागायची शेवटची तारीख विहाराच्या फळ्यावर खडूने लिहून ठेवली आहे. सत्काराचं कोणी काढलं, तर आधी पैसे आले का विचारतो.