खडकाची नोंदवही

माझा भाचा चंद्रपूरकडे कोळशाच्या उघड्या खाणीत इंजिनिअर आहे. दिवाळीत लालबागला आला तेव्हा मी विचारलं, "अरे, सुरुंग लावायला एवढं शिकायचं काय असतं?" तो म्हणाला, "मावशी, वर्गातल्या साठ मुलांना तू एकच डोस देत होतीस का?" मग तासभर बोलला. मराठी घेऊन बी. ए. झालेल्या मला त्यातलं जे उमगलं, ते लिहिते.

कोळशावर माती आणि वालुकाश्म असतो. त्यात ड्रिलने ओळीने भोकं पाडायची, दारू भरायची आणि उडवायची. कोरड्या भोकात साधारण 94 टक्के अमोनियम नायट्रेट आणि 6 टक्के डिझेल. पण खडक सगळीकडे सारखा नसतो. मऊ जागी जास्त दारू झाली तर दगड लांब उडतात. कठीण जागी कमी पडली तर मोठे धोंडे राहतात, ते पुन्हा फोडावे लागतात.

गंमत अशी की ड्रिलला हे आधीच कळलेलं असतं! बिट किती वेगाने उतरतं, किती दाब आणि पीळ लागतो, हे यंत्रावरचे सेन्सर टिपतात. त्यावरून एवढा खडक कापायला किती ऊर्जा लागली, ते काढता येतं. हा हिशेब टील यांनी 1965 साली मांडला. दाब तोच असून बिट एकदम खाली गेलं, तर तिथे भेग असू शकते. तिथे दारूऐवजी खडी भरायची. मात्र बिट झिजलं तरी वेग कमी होतो, म्हणून नुसत्या आकड्यांवर विसंबता येत नाही.

यात जवळच्या गावांचाही प्रश्न आहे. एका क्षणी किती दारू उडते, त्यावर जमिनीचा हादरा ठरतो. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या 1997 च्या परिपत्रकाप्रमाणे, 8 हर्ट्झच्या खालच्या कंपनात साध्या घरापाशी हादरा सेकंदाला 5 मिलिमीटरपुढे जाता कामा नये. भिंतीला तडा जातो तो कुणाच्या तरी आयुष्यभराच्या कमाईला.

हे ऐकताना मला बाबा आठवले. ते गिरणीत विणकर होते. साच्याचा आवाज जरा बदलला की धागा तुटणार हे त्यांना कळायचं. 1982 च्या संपानंतर त्यांचं काम सुटलं, पुढे तेही गेले, आणि तो कान त्यांच्याबरोबर गेला. कुणी काही लिहून ठेवलं नव्हतं.

भाचा म्हणतो, जुन्या ड्रिल ऑपरेटरलाही हाताला खडक कळतो. यंत्राच्या नोंदी आणि तो माणूस शेजारी बसले, तर पुढच्या पोराला शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

तुमच्या घरात असं कुणी असेल, तर आजच विचारून घ्या. वही मी देते!