पाचोळ्यातले पाहुणे

पुण्याच्या जुन्या बंगल्यांच्या गल्ल्यांवर थंडीत एक सुस्ती पसरते. आठ वाजले तरी ऊन कुंपणापाशीच रेंगाळत असतं. आंब्याखालची जमीन गार, किंचित ओलसर. अशा वेळी परसदारी कान दिला, तर शेंड्याकडून बारीक ‘चि-वीट’ ऐकू येते. हिरवट वटवट्या आलेला असतो. वजन जेमतेम दहा रुपयांच्या नाण्याएवढं, आणि प्रवास हिमालयातून, कधी त्याच्याही पलीकडून.

तो एकटा नसतो. भिंतीच्या कडेवर थिरथिरा शेपूट थरथरवत बसतो. खालच्या फांदीवर, सावली धरून, चिमुकला माशीमार जमिनीकडे टक लावून असतो. नळाच्या ओहोळाशी करडा धोबी लगबगीने फिरतो. पाऊस सरता सरता ही मंडळी येऊ लागतात आणि उन्हं तापली की निघून जातात. बुलबुल, दयाळ, शिंपी हे घरचेच. त्यांच्या गजबजाटात हे परदेशी सहज मिसळून जातात.

पाहुणे आले म्हटल्यावर आपल्याला वाढायची घाई होते. गच्चीवर ज्वारीची पसाभर रास पडते आणि दहा मिनिटांत पारवे ती फस्त करतात. बर्फाच्या देशांत जमीन गोठते, किडे मिळेनासे होतात. तिथे पाखरांसाठी चरबी आणि शेंगदाणे टांगण्याला अर्थ आहे. आपल्याकडे थंडीतही पानापानाखाली जेवण असतं. वटवट्या, थिरथिरा, माशीमार यांना दाणे नकोच असतात. त्यांना हव्यात अळ्या, कोळी, माश्या. हे ताट निसर्गाने मांडलेलं असतं. आपण ते खराट्याने लोटतो, औषधाने फवारतो आणि शेवटी काडी लावतो. हिवाळी सकाळी कोपऱ्याकोपऱ्यावर धुमसणारा पाचोळा हा अनेकांच्या न्याहारीचा धूर असतो.

पाणी मात्र जरूर ठेवावं. पावसाची डबकी एव्हाना आटलेली असतात आणि पिसं नीट राखायची तर आंघोळ लागतेच. मातीचं उथळ परळ, बोटभर पाणी, मध्ये पाय टेकायला एक खडबडीत दगड. जागा अशी, की मांजराला दबा धरता येऊ नये आणि पाखराला उडून बसायला फांदी जवळ असावी. पाणी रोज बदलायचं. मग मानपान बघावा: साळुंक्या आधी, बुलबुल त्यांच्या मागून. शिंजीर आणि चष्मेवाला परळाकडे कमीच फिरकतात. झाडांना पाणी घातलं की भिजल्या पानांवर अंग घासून ते आपलं स्नान उरकतात.

झाडांचंही तसंच. शेवगा फुलला की शिंजीर आपणहून येतो. जास्वंद त्याला बारमाही. पुढे पांगारा आणि काटेसावर फुलली की मध्य आशियातून आलेल्या भोरड्यांचे थवे लाल फुलांत चोची बुडवतात. आंब्यावरचं बांडगूळ माळ्याला डोळ्यांसमोर नको असतं आणि त्याचं चूकही नाही, कारण ते फांदीचा जीवनरस शोषतं. पण फुलटोच्याचं पोट त्याच्याच फळांवर चालतं, आणि चिकट बी पुढच्या फांदीवर तोच लावून ठेवतो. झाड दणकट असेल, तर एखादी फांदी त्याच्या नावाने सोडायला हरकत नाही.

मन अडकतं ते एका गोष्टीत. यातले कित्येक पक्षी पुढच्या हिवाळ्यात त्याच जागी परततात. पायात कडी घातलेल्या पक्ष्यांवरून हे सिद्ध झालेलं आहे. म्हणजे आपल्याला जो नुसता आंबा वाटतो, तो कुणाचा तरी दरवर्षीचा मुक्काम असतो. गल्लीत बंगले पडून इमारती उठत आहेत आणि परसदारी वाहनतळाच्या फरशा बसत आहेत. उरलेल्या बागांची जबाबदारी त्यामुळे वाढली आहे.

५ ते १२ नोव्हेंबर हा महाराष्ट्राचा पक्षी सप्ताह. मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवशी सुरू होऊन सलीम अलींच्या जन्मदिवशी संपणारा. त्या आठवड्यात दाण्यांची पिशवी आणण्याआधी एवढंच करा. बागेचा एक कोपरा निवडा आणि मार्च संपेपर्यंत तो झाडू नका, फवारू नका, पेटवू नका. शेजाऱ्यांनी आळशी म्हटलं, तर म्हणू द्या.