पायांकडून डोळ्यांकडे

महाबळेश्वरी उगम पावून, वाईच्या घाटांना स्पर्श करीत, ढोल्या गणपतीच्या पायथ्याशी जराशी संथ होऊन, पुढे कऱ्हाडास कोयनेला समोरासमोर भेटणारी आणि तेथून सांगलीच्या वाटेला लागणारी कृष्णा ज्या मुलखातून वाहते, त्या मुलखाने उसाच्याच जोमाने लावणी पिकवली, असे म्हणण्यास मला संकोच वाटत नाही. वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्ष येथे १८६६ साली जन्मलेले श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी दफ्तराची लेखणी टाकून फडावर गेले आणि पठ्ठे बापूराव झाले. कवलापूरच्या काळू-बाळूंनी वगाच्या हास्यरसाने रात्रीच्या रात्री जागवल्या. आणि वाईला यमुनाबाई वाईकर नावाच्या एका स्त्रीने नृत्याचे आयुर्मान किती असते, या प्रश्नाचे उत्तर आपल्या १०२ वर्षांच्या आयुष्याने दिले. आम्ही मलकापूरकर कऱ्हाडाला लागून, आगाशिवाच्या डोंगराखाली नांदणारी माणसे; त्यामुळे हे सारे शेजारपाजारचेच, आणि शेजारच्या गोष्टीचे मोल उशिरा ध्यानी येण्याचा रिवाज आमच्याकडेही आहे.

लहानपणी यात्रेच्या दिवसांत फड आला की पोरासोरांची खरी ओढ कनातीच्या पुढच्या बाजूस नसे, मागच्या बाजूस असे. तिथे एका राहुटीत कंदिलाच्या उजेडात एक वयस्क बाई एका नवशिक्या मुलीच्या पायात चाळ बांधताना पाहिल्याचे मला स्वच्छ आठवते. आधी घोट्यावर जुन्या लुगड्याच्या चिंध्यांचे वेढे, म्हणजे पितळेने कातडे सोलले जाऊ नये. मग घुंगरांची एकेक माळ घोट्यापासून पोटरीकडे चढवत न्यायची, प्रत्येक वेढ्याला दोरी करकचून आवळायची, आणि शेवटी तळहाताने पोटरीवर एक थाप मारून घुंगरांचा आवाज एकजीव निघतो की फुटका, ते ऐकायचे. मुलगी उठून पाय आपटायला अधीर झालेली. बाई तिचा गुडघा दाबून म्हणाली, "बस की गं जरा. उभं ऱ्हाऊन कुनीबी नाचतंय. बसून नाचायला लागलीस, की मग मला सांगायला ये." त्या वयात मला ते वाक्य निव्वळ चिडवण्याचे वाटले होते.

त्याचा अर्थ बैठकीच्या लावणीने शिकवला. फडाच्या लावणीत ढोलकी, हलगी आणि चाळ यांचा हलकल्लोळ असतो. संगीतबारीच्या बैठकीत मात्र तबला-पेटीच्या साथीने गाणारी स्त्री गादीवर बसूनच एक चरण उचलते आणि तोच चरण पुनःपुन्हा घोळवीत प्रत्येक आवर्तनाला त्यातून निराळा भाव काढून दाखवते. प्रियकराला उशीर झाला, एवढाच त्या चरणाचा विषय असला तरी पहिल्यांदा ती नुसती पृच्छा असते, दुसऱ्यांदा रुसवा, तिसऱ्यांदा उपहास, मग शेजारणीने ऐकू नये म्हणून दबलेला स्वर, आणि अखेरीस, पदराचे टोक बोटाभोवती गुंडाळता गुंडाळता, त्या प्रियकराला आधीच क्षमा करून टाकल्याची कबुली. पाय मांडीखाली स्वस्थ असतात. नाचतात ती बोटे, मान, भुवई आणि नजर. यमुनाबाईंची ख्याती होती ती या अदाकारीसाठी. ३१ डिसेंबर १९१५ ला जन्मलेली, कोल्हाटी समाजातली ही मुलगी बालपणी आपल्या आईच्या हाताखाली गाणे-नाचणे शिकली आणि उतारवयातही गादीवर बसून तिने भाव सांगितला, तेव्हा समोरच्यांनी तिच्या सुरकुत्या पाहिल्या असतील असे मला वाटत नाही.

यावरून माझी अशी धारणा झाली आहे की नर्तकीच्या स्मृती मस्तकात साठत नाहीत, त्या गात्रांत साठतात, आणि वय वाढू लागले की त्या एकेक मजला वर चढतात. तारुण्यात सारे तळपायांत असते. गुडघे कुरकुरू लागले की ते कमरेत येते. कमर थकली की मनगटात. आणि मनगटही कापू लागले म्हणजे उरलेसुरले सगळे डोळ्यांत येऊन वस्तीला राहते. ज्या कलेने या आरोहाचा आधीच विचार करून बसून नाचण्याची तजवीज ठेवली, ती कला रचणाऱ्या अनाम बायका शास्त्रकारांहून कमी शहाण्या होत्या असे कोण म्हणेल? कथकातही बैठकीचा भाव आहेच, पण त्याला दरबाराचा आश्रय होता. आमच्याकडे त्याला दौलतजादा होता, आणि तोही मर्जीचा.

पृथ्वीच्या दुसऱ्या टोकालाही हे शहाणपण आढळते. क्यूबा बेटावर हवाना आणि मातांसास या बंदरांतून एकोणिसाव्या शतकात जी रुंबा वाढली, तिचा पहिला ताल गोदीतल्या मजुरांनी कॉडमाशाच्या रिकाम्या लाकडी पेट्यांवर वाजवला. त्या रुंबेचे तीन प्रकार; त्यांतला कोलुंबिया हा पुरुषांच्या चपळाईचा आणि ग्वाग्वांको हा छेडछाडीचा, पण सर्वांत जुना आणि सर्वांत संथ जो यांबू, तो म्हाताऱ्यांचा नाच म्हणून ओळखला जातो. त्यात तरुण नर्तकसुद्धा मुद्दाम वाकून, हात कमरेवर ठेवून, सांधे धरल्याची नक्कल करीत नाचतात. लॅटिन नृत्य म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे झळाळते वस्त्र आणि गिरकी तेवढी येते. त्या नृत्यानेही वार्धक्याला आपल्या घरात पाट मांडून दिला आहे, याची वार्ता आमच्यापर्यंत पोहोचलेली नाही. रुंबेला प्रतिष्ठितांनी बराच काळ उंबऱ्याबाहेर ठेवले, आणि २०१६ साली युनेस्कोने तिला मानवजातीच्या वारशात दाखल करून घेतले.

सरकार-दरबाराची चाल आमच्याकडेही याहून निराळी नव्हती. स्वातंत्र्य मिळाल्यावर मुंबई सरकारने तमाशावर बंदीचा हुकूम काढला. पुढे समिती नेमून, वगांची छाननी करून, परवाना देऊन फडांना पुन्हा उभे राहू दिले. फडातली स्त्री आज कोणत्या थिएटरात बारी लावते आणि उद्या कोणत्या यात्रेची सुपारी घेते, हे विचारणारे पुष्कळ होते. ती काय जाणते, हे विचारणारे थोडे. यमुनाबाईंना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार १९७७ साली मिळाला आणि पद्मश्री २०१२ साली, म्हणजे वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी. दफ्तराची घोडी अशी रमतगमत चालतात. १५ मे २०१८ रोजी त्या गेल्या तेव्हा त्यांच्या गळ्यातली गाणी थोडीफार ध्वनिमुद्रित झालेली होती. भुवईची नोंद कोणत्या रजिस्टरात करतात?

हल्ली आमच्या मलकापुरात महामार्गाच्या कडेला एका दुकानावरच्या माडीत नृत्याचा वर्ग चालतो. शिकवणारा तरुण कोल्हापूरकडे शिकून आलेला. संध्याकाळी तो मुलांना साल्साची पावले घालून देतो. एक-दोन-तीन, पाच-सहा-सात, चौथ्या आणि आठव्या मात्रेवर पाऊल टाकायचे नाही, नुसते थांबायचे, आणि मुले नेमकी तिथेच धडपडतात. त्याचे शिकवणे मला मनापासून आवडते, कारण तोही पावलापेक्षा थांबण्यासाठीच अधिक ओरडतो. डिसेंबर आला की मात्र शाळांच्या स्नेहसंमेलनांची मागणी सुरू होते. एक साल्सा, एक कोळीनृत्य आणि एक लावणी, हा ठराव ठरलेला. लावणी अर्थातच उभी, नऊवारीची, सिनेमातल्या चालीवरची.

बैठकीची लावणी बसवायला काय हरकत आहे, असे मी त्याला एकदा सुचवून पाहिले. तो क्षणभर विचारात पडला आणि म्हणाला, "काका, बसवीन मी, शिकायलाही जाईन कुणाकडे. पण मंडपात सातआठशे माणूस असतं. मागच्या रांगेला पोरीचे डोळे कसे दिसायचे?" त्याच्या हिशेबात खोट काढता येण्याजोगे मला काही सापडले नाही. ती लावणी दहा-बारा माणसांसाठी, हाताच्या अंतरावर बसून ऐकण्यासाठी जन्माला आली. तशी माडी आता कोणी बांधत नाही, आणि असलेल्या माडीचे भाडे दहा-बारा माणसांत निघत नाही.