खाऱ्या पाण्यावरची वाडी



उपासना संपल्यावर गेलं वर्षभर कोणी ना कोणी आम्हाला थांबवून मंडळीच्या वाडीची चौकशी करतं. "चिकू जगले का?" "पाणी गोड झालं का?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. पाणी खारटच आहे आणि ते खारटच राहणार. पहिल्या प्रश्नाचं उत्तर थोडं मोठं आहे, म्हणून हे लिहीत आहोत.

वडोदऱ्याहून पादऱ्यामार्गे जंबुसरकडे निघालं की खंभातचं आखात जसं जवळ येतं, तसं जमिनीखालचं पाणी खारट होत जातं. आपली वाडी त्याच अंगाला आहे. जुन्या पिढीने लावलेले चिकू आणि पेरू, शिवाय चार आंबे. त्यांची फळं वसतिगृहातल्या मुलांना जातात आणि हंगामाच्या सणाला वेदीपुढे मांडली जातात. पुढे पाणी खोल गेलं, बोअर घ्यावी लागली आणि तिचं पाणी दरवर्षी जास्त खारं होत गेलं. पानांची टोकं भाजल्यासारखी तांबूस दिसू लागली, फळ बारीक राहू लागलं.

मागच्या वर्षी बैठकीत काहींनी सुचवलं की झाडं काढावीत, जागा भाड्याने द्यावी आणि त्या पैशांतून मुलांना बाजारातून फळं आणावीत. बोलणं हिशेबाचं होतं, कोणाच्या मनात खोट नव्हती. तेव्हा महिला मंडळातल्या एका आत्यांनी लूकच्या शुभवर्तमानाचा १३ वा अध्याय उघडला. फळ न देणाऱ्या अंजिराचा दाखला आपल्याला ठाऊकच आहे. मालक तोडायला सांगतो आणि माळी एका वर्षाची मुदत मागतो. "माळी नुसती दया मागत नाही," आत्या म्हणाल्या, "खणायचं आणि खत घालायचं काम तो स्वतःच्या अंगावर घेतो." कमिटीने एक वर्ष दिलं. कामाला आम्ही सात जण उभे राहिलो.

पहिल्यांदा पाणी तपासून घेतलं. हजार लिटरमागे सुमारे २ किलो क्षार निघाले. मग आम्ही हिशेब मांडला. एका मोठ्या चिकूला दिवसाला ५० लिटर पाणी धरलं, तर पावसाळा सोडून आठ महिन्यांत १२ हजार लिटर होतं. म्हणजे एका झाडाच्या बुंध्याशी २४ किलो मीठ! मूळ पाणी ओढून घेतं आणि मीठ बहुतेक सगळं मागे मातीत सोडतं. उन्हाने ओल उडते, तेव्हाही मीठ तिथंच राहतं. असं साठत साठत मातीतला खारेपणा इतका वाढतो की जमीन ओली दिसत असूनही मुळाला पाणी ओढता येत नाही. झाड पाण्यात उभं राहून तहानलेलं असतं.

सगळी झाडं हे सारखं सोसत नाहीत. आंबा आणि संत्रं खाऱ्या पाण्याला लवकर हार मानतात. डाळिंब आणि अंजीर मध्यम तग धरतात. चिकू आणि बोर बरंच सोसतात, आणि खजूर सगळ्यांच्या पुढे. कच्छच्या ज्या खारकेला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ती अशाच कोरड्या, खारट मुलखातली. पण खजुरालाही साठलेलं मीठ एका मर्यादेपर्यंतच चालतं. तेव्हा खरा प्रश्न एवढाच होता की आलेलं मीठ बाहेर कसं जाईल.

वाडीचे माळीभाई आणि आम्ही मिळून उताराच्या बाजूला खोल चर खणला. काळ्या मातीत सोडियम साठलं की ती चिकट आणि घट्ट होते, पाणी खाली उतरू देत नाही. म्हणून माती तपासून, सांगितलं तेवढं जिप्सम घातलं. शेणखत घातलं, बुंध्याभोवती वाळलं गवत अंथरलं. ठिबकाने नेहमीचं पाणी चालू ठेवलं, पण ठरावीक दिवसांनी रात्रीच्या वेळी झाडाच्या गरजेपेक्षा जास्त पाणी एकदम दिलं, म्हणजे मीठ मुळांच्या खाली धुऊन जाईल. आणि पावसाळ्यात चर मोकळा राहील याची काळजी घेतली.

माळीभाईंनी एक गोष्ट बजावून सांगितली. पहिली सर आली की ठिबक बंद करायचं नाही. ठिबकाने मीठ ओलाव्याच्या कडेला सारलेलं असतं. हलक्या सरीने ते विरघळतं आणि परत मुळांकडे येतं. चांगला पाऊस मुरेपर्यंत ठिबक चालूच हवं.

हे काम करताना यहेज्केलाचा ४७ वा अध्याय आम्हाला नव्याने कळला. मंदिरातून निघालेली नदी जाईल तिथं जीवन देते, तिच्या दोन्ही तीरांवर फळझाडं वाढतात. पण त्याच दर्शनात दलदली आणि डबकी खारटच राहतात. आम्ही चर खणताना हे बोललो होतो. पाणी आत येतं पण बाहेर जात नाही, तिथं मीठ मुक्काम करतं.

आपल्या मंडळीत अशी घरं आहेत जिथं जमिनीवरून भाऊ भावाशी बोलत नाही. काहींच्या घरी आजारपण आणि कर्ज सरतच नाही. ते खारं पाणी त्यांनी मागितलेलं नव्हतं, आणि प्रार्थना करूनही ते गोड झालेलं नाही. अशांना "विश्वास ठेवा, सगळं ठीक होईल" एवढंच सांगणं म्हणजे वरवर पाणी शिंपडणं. हन्नाने मंदिरात आपला जीव परमेश्वरापुढे ओतला. तिची परिस्थिती अजून बदललेली नव्हती, तरी ती उठली, जेवली आणि तिचा चेहरा उतरलेला राहिला नाही. असं ओतायला जागा लागते, ऐकणारा कान लागतो. मंडळीने एकमेकांसाठी तो चर व्हावं. आणि समेटाची पहिली सर आली म्हणून रोजची प्रार्थना सोडू नये, कारण जुनी कटुता तेव्हाच पुन्हा मुळाशी येते.

आता चिकूंविषयी. चारांपैकी तीन आंबे गेले. पेरू अजून अशक्त आहेत. चिकूंना मात्र या पावसाळ्यानंतर स्वच्छ हिरवी पालवी फुटली आणि पहिल्या तोडणीची दोन क्रेट फळं वसतिगृहात पोहोचली. कमिटीने आणखी एक वर्ष दिलं आहे. मेलेल्या आंब्यांच्या जागी खारकेची रोपं लावायची आहेत. शनिवारी सकाळी सातला ज्यांना जमेल त्यांनी कुदळ घेऊन यावं. चर पुन्हा साफ करायचा आहे.

हे प्रभू, आमच्या वाट्याचं पाणी तू जाणतोस. आमच्या मुळांशी जे साठलं आहे ते वाहून जाऊ दे, आणि आमचं फळ मुलांच्या हातात पडू दे. आमेन.