दोन संच आणि एक खाट

एखादी वस्तू मुळीच परवडत नसली, म्हणजे मनाला एक प्रकारची स्वस्थता असते. दुकानाच्या काचेतून ती पाहावी, थोडे हळहळावे आणि पुढे चालू लागावे. वस्तू सहज परवडत असली, तरीही प्रश्न पडत नाही. पैसे मोजले की काम संपले. खरी पंचाईत होते ती या दोहोंच्या मध्ये उभ्या असलेल्या माणसाची. त्याला स्वस्त वस्तू घेता येते आणि जरा ओढाताण केली, तर तिच्याहून बरी वस्तूही घेता येते. ही 'जरा ओढाताण' म्हणजे नेमकी किती, हे ठरविण्यात त्याचे दिवसांमागून दिवस जातात. २०२५ च्या परतीच्या पावसात एका रात्री वीज कडाडली आणि आमच्या घरातील दूरचित्रवाणी संच कायमचा अंधारला, तेव्हा मी याच मधल्या पायरीवर उभा होतो.

आमचे घर पनवेलजवळच्या विचुंबे गावात आहे. गाव म्हणायचे ते जुन्या सवयीने. नवीन पनवेलच्या बाजूने गाढी नदी ओलांडली, की पूर्वी भाताची खाचरे लागत. आता इमारती लागतात. २०१३ साली शासनाने नव्या विमानतळाच्या परिसरातील जी गावे 'नैना' या नावाखाली सिडकोकडे नियोजनासाठी सोपविली, त्यांत विचुंबेही आहे. तथापि आमच्या खिडकीतून अजून डोंगर दिसतात. पावसाळ्यात त्यांच्यावर ढग टेकलेले असतात. या खिडकीला लागून माझ्या आईची खाट आहे. आई ७९ वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी तिचे कमरेचे हाड मोडले, तेव्हापासून तिचे फिरणे खाटेपासून न्हाणीघरापर्यंत उरले आहे. सकाळी मी शाळेत जातो, पत्नी कचेरीत जाते, मुलगी महाविद्यालयात जाते. दुपारपर्यंत एक बाई आईजवळ असतात. त्यानंतर सायंकाळपर्यंत तिच्या सोबतीला दोनच गोष्टी असतात, खिडकी आणि दूरचित्रवाणी. पाऊस लागला म्हणजे खिडकीही बंद करावी लागते. संच बिघडल्यावर आठवडाभर आई काही बोलली नाही. मात्र संध्याकाळी मी घरी आलो, की ती शाळेतली इत्थंभूत हकीकत विचारू लागली. शिपायाने घंटा किती वाजता दिली, इथपर्यंत.

या यंत्राशी आईचे नाते जुने आहे. आपल्या देशात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाले. मुंबईचे केंद्र निघाले ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी. आई तेव्हा सव्वीस वर्षांची होती आणि परळच्या एका चाळीत राहत होती. सबंध मजल्यावर एकच संच होता. लाकडी पेटी, तिला सरकती दारे, वर भरतकाम केलेला रुमाल. शनिवारी मराठी चित्रपट असला, की त्या दहा बाय बाराच्या खोलीत माणसे दाटीवाटीने बसत आणि उरलेली गॅलरीतून डोकावत. १९८२ साली एशियाड क्रीडास्पर्धांच्या वर्षी रंग आले. १९८७ साली 'रामायण' मालिका सुरू झाली, तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. रविवारी सकाळी चाळीच्या अंगणात चिटपाखरू नसे, हे मी स्वतः पाहिले आहे. त्या काळी संचाची निवड करावी लागत नसे. तो घरात आहे किंवा नाही, एवढाच भेद होता. आता तो जवळजवळ घरोघरी आहे, आणि भेद निघाले आहेत ते 'बरा' आणि 'अधिक बरा' यांच्यामध्ये.

आम्ही पनवेलच्या एका दुकानात दोन संच निश्चित केले. दोन्ही त्रेचाळीस इंची. पूर्वी आमचा संच बत्तीस इंची होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून बत्तीस इंचांहून मोठ्या संचांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. म्हणजे करासह १२८ रुपयांना पडणारी वस्तू ११८ रुपयांना पडू लागली आणि आमची मजल थोडी पुढे गेली. एका संचाची किंमत होती साडेअठरा हजार. दुसऱ्याची छत्तीस हजार. लांबून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच काळे, सारखेच सपाट.

मग साडेसतरा हजार रुपये कशाचे? मी शिक्षक असल्यामुळे उत्तर नीट समजल्याशिवाय मला गुण देता येत नाहीत. दुकानातील तरुणाला मी बरेच प्रश्न विचारले, आणि त्याने ते गोड मानून घेतले. या पडद्यावर आडवे ३८४० आणि उभे २१६० असे ठिपके असतात. गुणाकार केला तर ८२,९४,४०० होतात. दोन्ही संचांत ही संख्या तीच आहे. परंतु आम्ही ज्या साध्या प्रतीच्या मराठी वाहिन्या घेतो, त्यांचे चित्र फक्त ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० ठिपक्यांचे असते. भागाकार करून पाहा. बरोबर वीस येतात. आलेल्या एका ठिपक्यातून पडद्यावरचे वीस ठिपके भरायचे, हे काम संचातील संगणकाला दर क्षणी करावे लागते. महाग संचातील संगणक ते विचाराने करतो. स्वस्त संचातील संगणक एकच रंग वीस जागी फासून मोकळा होतो. बातम्यांच्या वेळी खालून सरकणारी अक्षरे पाहिली, की हा भेद लगेच ध्यानात येतो. स्वस्त संचावर त्या अक्षरांच्या कडा करवतीसारख्या दिसत होत्या.

एक गोष्ट येथे सांगून ठेवतो. दुकानातील संचांवर नेहमी पोपट, फुले आणि बर्फाचे डोंगर दिसतात. ती चित्रे मुद्दाम उत्तम प्रतीची घेतलेली असतात आणि पडद्याचा उजेडही घरात कधी ठेवणार नाही इतका वाढविलेला असतो. पोपट पाहून संच घेऊ नये. जे आपण रोज घरी पाहतो, तेच तेथे लावायला सांगावे. दुकानदार कुरकुरत नाहीत. कोणी सांगत नाही, म्हणून ते लावत नाहीत, इतकेच.

महाग संचाच्या बाजूने आणखीही मुद्दे होते. त्याचा काळा रंग खरोखर काळा होता; रात्रीच्या प्रसंगात स्वस्त पडद्यावर जेथे राखाडी धुके दिसे, तेथे या पडद्यावर अंधार दिसे. त्याची स्मृती मोठी, त्यामुळे तो चटकन उघडे. गतीचे जे मोठे आकडे खोक्यावर छापलेले असतात, त्यांची मात्र मला फारशी मातब्बरी वाटली नाही. सेकंदाला एकशे वीस वेळा चित्र पालटणारा पडदा घेतला, तरी येणारे प्रक्षेपण तितक्या वेगाने येत नाही. क्रिकेटचा चेंडू त्यामुळे काही अधिक गोल होत नाही.

घरी आल्यावर आईला दोन्ही किमती सांगितल्या. ती म्हणाली, "मी आता किती वर्षं बघणार आहे? मला साधाच आण."

हे वाक्य आमच्या घरात तीन-चार दिवस फिरत राहिले. त्यातून दोन्ही निर्णय निघत होते, हीच त्याची अडचण होती. वर्षे थोडी असतील, तर अधिक टिकणारा, अधिक मोलाचा संच कशाला, असे एक गणित. वर्षे थोडी असतील, तर ती उत्तम चित्र पाहत का जाऊ नयेत, असे दुसरे गणित. पहिले गणित कोणताही मुलगा तोंडाने म्हणत नाही. पण दुकानदाराने "सहा-सात वर्षं काही बघायला नको, सर" असे म्हटले, तेव्हा ते आकडे आईच्या वयात मिळवले जाऊन मनात उभे राहिलेच. दुसरे गणित ऐकायला फार चांगले वाटते आणि म्हणूनच मला त्याचा थोडा संशय आला. आईसाठी म्हणून घेतलेल्या कितीतरी वस्तू घरात आपल्याच सोयीच्या असतात.

विक्रेत्यांपाशी तिसरेही गणित असते. फरक साडेसतरा हजारांचा. पाच वर्षांचे दिवस १८२५. म्हणजे दिवसाला दहा रुपयेसुद्धा नाहीत! एका चहाच्या पैशांत उत्तम चित्र! अशा भागाकाराने मनुष्याला हत्तीसुद्धा परवडतो. मी तोच आकडा निराळ्या रीतीने मांडून पाहिला. आईजवळ दुपारपर्यंत जी बाई असते, तिला आम्ही महिना आठ हजार रुपये देतो. साडेसतरा हजार म्हणजे तिचा दोन महिन्यांहून अधिक पगार. ती आईची वेणी घालते, तिला हाताला धरून चालविते, आणि तिच्याशी भांडतेही. कोणताही पडदा इतके करीत नाही.

तेव्हा माझ्या मुलीने एक साधी गोष्ट विचारली. ती म्हणाली, "बाबा, आजी टीव्ही बघते कुठून?"

आमच्या बैठकीच्या खोलीत पडद्यासाठी एकच भिंत मोकळी आहे. दुसरीत प्रवेशद्वार, तिसरीत स्वयंपाकघराचे दार आणि चौथीत खिडकी. खाट खिडकीपासून हलविली, तर आईचा वारा आणि डोंगर दोन्ही जातात. त्यामुळे आई पडद्याकडे समोरून पाहतच नाही. ती तिरपे पाहते. मुलीने दोरी ताणली, कोनमापक लावला आणि सांगितले, की आजीची नजर सरळ रेषेपासून पन्नास अंशांनी ढळलेली आहे. उशीची उंचीही तिने मोजली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दुकानात जाऊन फरशा मोजल्या आणि पन्नास अंशांच्या जागी एक बुटके स्टूल मांडले. तरुण विक्रेता हसून म्हणाला, "सर, तिकडून कोण बघतं? समोर या ना." मी म्हणालो, "बघणारी तिथूनच बघणार आहे." स्टुलावर बसून पाहतो तो छत्तीस हजारांचा पडदा फिकटला होता! चेहरे पाण्यात धुतल्यासारखे पांढुरके दिसत होते. साडेअठरा हजारांच्या पडद्यावर तेच चेहरे होते तसेच होते.

याचे कारण पुढे कळले. या पडद्यांत मागे दिवे असतात आणि पुढे द्रवस्फटिकांचा पातळ थर असतो. प्रत्येक ठिपका म्हणजे उजेड अडविणारी किंवा सोडणारी एक सूक्ष्म झडप. एका प्रकारात हे स्फटिक काचेशी काटकोनात उभे राहून उजेड पक्का अडवितात. म्हणून काळा रंग गडद दिसतो, पण बाजूने पाहिले की झडपेच्या फटीतून उजेड झिरपतो. दुसऱ्या प्रकारात स्फटिक काचेला समांतर आडवे राहून तिथल्या तिथे वळतात. काळा रंग थोडा राखाडी होतो, परंतु बाजूने रंग टिकतात. किमतीच्या चिठ्ठीवरून यांतला कोणता प्रकार आत आहे, हे कळत नाही. दोन्ही बाबतींत बरा असा एक संच त्या दुकानात होता. त्याची किंमत बेचाळीस हजार होती, आणि आमची ओढाताण तिथपर्यंत पोहोचत नव्हती.

आवाजाचा प्रश्न उरला. संच सपाट झाल्यापासून त्यांचे ध्वनिक्षेपक खाली किंवा मागे तोंड करून बसतात. जुन्या लाकडी पेटीचा आवाज सरळ अंगावर येई. यांचा भिंतीवर आपटून येतो. वृद्धपणी आधी वरच्या पट्टीतले ध्वनी ऐकू येईनासे होतात. 'स', 'श', 'त' यांसारखी व्यंजने विरून जातात आणि स्वर तेवढे उरतात. म्हणून आवाज वाढविला, तरी आईला गोंगाट वाढल्यासारखा वाटतो, शब्द कळत नाहीत. या बाबतीत छत्तीस हजारांचा संच थोडा बरा होता, पुरेसा नव्हता. स्वस्त संच घेऊन अडीच हजारांचा एक लहान ध्वनिक्षेपक आम्ही तारेने जोडला आणि तो आईच्या उशाशी ठेवला. बिनतारी घेतला असता, तर ओठ आधी हलून शब्द मागून येण्याचा संभव होता. एकूण खर्च एकवीस हजार झाला.

मुलगी थोडी हिरमुसली. तिला रात्रीचे चित्रपट पाहायचे होते, आणि आमच्या पडद्यावर रात्र राखाडी आहे, ही गोष्ट खरी आहे. सरकत्या अक्षरांच्या कडाही मला खुपतात. आईला त्या खुपत नाहीत, कारण मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही तिला दहा फुटांवरून तेवढे बारीक दिसत नाही. "माणूस कोण आहे ते कळतंय ना, मग झालं," असे ती म्हणाली.

संच बसविणारा कारागीर आला, तेव्हा तो नेहमीच्या उंचीवर खुणा करू लागला. मुलीने त्याला उशीच्या उंचीचा आकडा सांगितला. त्याने दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि खिळे दीड फूट खाली ठोकले. आता घरी कोणी आले, की सोफ्यावर बसून त्यांना मान खाली घालून पाहावे लागते, आणि बातम्या सांगणारा समोरच्या भिंतीवर बोलत असला, तरी त्याचा आवाज खिडकीपाशी आईच्या उशीतून येतो. पाहुणे एकदा भिंतीकडे पाहतात, एकदा खाटेकडे. आई त्यांना म्हणते, "इथं माझ्या शेजारी येऊन बसा, इथून चांगलं दिसतं."