नंदीच्या पायाशी उगम

फाल्गुन लागला तरी सिक्कीममधील छांगू सरोवर पुष्कळदा गोठलेलेच असते. बारा हजार फुटांहून अधिक उंचीवरील त्या बर्फावर उभे राहून काढलेले एक छायाचित्र आमच्या एका आप्ताने पाठविले आणि आमच्या धाकट्या कन्येने हट्ट धरला, "बाबा, आपणही पहाटे उठून डोंगरावरचे गोठलेले तळे पाहायला जाऊ या." आम्ही त्या वेळी बंगळूरला, बसवनगुडीत उतरलो होतो. समुद्रसपाटीपासून तीन हजार फूट उंच असले, तरी या शहरात बर्फ कोठून आणावयाचा? तरीही दुसऱ्या दिवशी उजाडण्यापूर्वी आम्ही निघालो. आणि वाचकहो, आपणांस तिकडे जाण्याचा योग आला तर हीच वाट धरावी, असे मी आग्रहाने सांगेन.

बसवनगुडी म्हणजे बसवाचे, अर्थात नंदीचे देऊळ. सोळाव्या शतकात केंपेगौडाने ते बांधविले असे मानतात. एकाच शिळेतून कोरलेला तो नंदी सुमारे पंधरा फूट उंच आहे. भुईमुगाचे पीक खाऊन जाणाऱ्या बैलाला शांत करण्यासाठी हे देऊळ उभारले, अशी कथा आहे, आणि कार्तिकातील शेवटच्या सोमवारी येथे शेंगांची मोठी जत्रा भरते. भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतला, हे ध्यानात घेतले म्हणजे कथेच्या वयाविषयी शंका येते. पण शेंगा खाताना ती कोणाला सुचत नसावी.

देवळाला लागूनच 'ब्यूगल रॉक' नावाचा कातळ आहे. पूर्वी पहारेकरी त्यावरून शिंग फुंकीत, म्हणून हे नाव. चढण लहान मुलालाही सोसेल इतकीच आहे. वर जाईतो पूर्वेकडे तांबडे फुटले होते आणि करंजाच्या कोवळ्या पालवीखाली दगड अजून रात्रीचा गारवा धरून होता. कन्या पादत्राणे काढून त्यावर उभी राहिली आणि म्हणाली, "हेच का ते गोठलेले तळे?"

मला हसू आले, पण ती फारशी चुकली नव्हती. हा पट्टिताश्म आहे. पृथ्वीच्या पोटात प्रचंड उष्णतेने व दाबाने दगड मऊ होऊन दुमडतो, आणि पुढे निवाला की त्या वळ्या फिकट-गडद पट्ट्यांच्या रूपाने तशाच राहतात. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. हा सुमारे तीनशे कोटी वर्षांचा. याच जातीचा विस्तीर्ण कातळ लालबागेतही पाहावयास मिळतो.

याच टेकडीवर, नंदीच्या पायाशी, वृषभावती नदी उगम पावते अशी श्रद्धा आहे. ती पुढे अर्कावतीला मिळते आणि अर्कावती कावेरीला. आम्ही पाण्याच्या त्या उताराने पश्चिमेकडे निघालो. वाटेत गविपुरम् येथे गवि गंगाधरेश्वराचे गुहामंदिर लागते. मकरसंक्रांतीला मावळत्या सूर्याचे किरण तेथील नंदीच्या शिंगांमधून पिंडीवर येतात. आणखी थोडे पुढे केंपांबुधी तलाव.

मोठी नदी नसलेल्या या गावाला केंपेगौडाच्या वंशाने तळ्यांनी पाणी दिले. १६३८ नंतर शहाजीराजांची जहागीर झालेले बंगळूर अशाच तळ्यांवर जगत होते. त्यांतील धर्मांबुधी तळ्याच्या जागी आज मुख्य बसस्थानक आहे. केंपांबुधी वाचला, पण सांडपाणी येऊन येऊन त्याची रया गेली. बांधावर फिरावयास आलेली माणसे झपझप चालत होती. पाणकावळे पंख वाळवीत बसले होते. कन्येने पाण्यात हात घालण्यासाठी वाकताच एका वृद्ध गृहस्थांनी "बेडा, मगू," म्हणून तिला थांबविले. 'नको, बाळ', एवढे कानडी तिलाही समजले. लहानपणी आपण येथे पोहत होतो, असे ते हिंदीत म्हणाले आणि पुढे चालू लागले.

परतताना गांधी बाजारात डोसा खाण्यास बसलो. पाण्याचा पेला समोर येताच तिने विचारले, "हे त्या तळ्याचे?"

"नाही, कावेरीचे." सुमारे शंभर किलोमीटरांवरून, जवळजवळ पाचशे मीटर वर उपसून हे पाणी १९७४ पासून शहरात येते. तेही पुरत नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात येथील हजारो कूपनलिका आटल्या होत्या.

ती विचारात पडली. "पण नंदीची नदी तर खाली कावेरीलाच जाते ना?"

"जाते."

"मग ती घाण का होऊ दिली?"

डोसा आला होता. तिने मात्र तो खाण्याआधी पेल्यातले पाणी थेंबही न ठेवता पिऊन टाकले.