रस्त्याच्या पोटांत

घर बांधावयाचें झालें म्हणजे आपण पायाची जमीन पाहतों आणि विहिरीस पाणी कोठें लागेल याची चौकशी करतों. दारापुढील रस्त्याविषयीं मात्र आपला प्रश्न एकच: डांबर केव्हां पडणार? रत्नागिरीसारख्या गांवीं, जेथें वर्षाकाठीं सुमारें ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोहि बहुतेक चार महिन्यांतच, तेथें एवढीच चौकशी पुरेशी नाहीं, असें आम्हांस वाटतें.

आमच्या आळींतील रस्ता नव्यानें बांधण्याचें ठरलें, तेव्हां प्रथम डांबराची गाडी आली नाहीं. एक तरुण इंजिनियर आणि पहारी घेतलेले दोन गडी आले. त्यांनीं दोन ठिकाणीं खड्डे खणावयास आरंभ केला. "खड्डे बुजवायला बोलावलें, तर हे आणखी खणताहेत!" असें एक शेजारी त्राग्यानें म्हणाले. आम्हीं मात्र त्या खड्ड्यांत डोकावून पाहिलें.

चढावरच्या खड्ड्यांत हातभर खालीं अखंड कातळ लागला. उताराच्या टोकाशीं चित्र निराळें होतें. तेथें एकावर एक चढविलेले डांबराचे थर, त्यांखालीं काळी खडी, मग भरावाचे जांभ्याचे तुकडे, आणि तळाशीं पिवळसर, बोटांस चिकटणारी माती. ती माती ऐन चैत्रांतहि ओली होती! बाजूचें गटार ठिकठिकाणीं बुजलें असल्यामुळें घराघरांतील सांडपाणी बारा महिने रस्त्याच्या पोटांत मुरत होतें.

जांभ्याचा स्वभाव कोकणांत कोणास ठाऊक नाहीं? खाणींत तो मऊ असतो, हवा लागली कीं कठीण होतो. म्हणून चिरे पाडावयास सोयीचा. फ्रान्सिस बुकॅननने १८०७ सालीं, मलबारांतील अशाच दगडास, विटेच्या लॅटिन शब्दावरून 'लॅटराइट' हें नांव दिलें. परंतु हा दगड सच्छिद्र आहे. त्यांतून झिरपलेलें पाणी खालच्या घट्ट मातीवर अडतें आणि तिला लोण्यासारखी करतें. एकाच आळींत एक टोक कातळावर आणि दुसरें चिखलावर असेल, तर एका जागेच्या परीक्षेवरून साऱ्या रस्त्याचा निकाल कसा द्यावा?

मातीचें बळ मोजण्याची एक कसोटी १९२९ च्या सुमारास कॅलिफोर्नियाच्या रस्तेखात्यानें बसविली. ती आजहि आपल्याकडे वापरतात. माती साच्यांत ठोकून चार दिवस पाण्यांत बुडवून ठेवतात. नंतर ५० मिलिमीटर व्यासाचा दांडा तींत हळूहळू दाबून लागणारा जोर मोजतात, व ठेचलेल्या खडीच्या मानानें तो किती, तें पाहतात. कोरडी माती कोठेंहि उत्तीर्ण होईल. तिचें खरें स्वरूप आषाढांतच कळावयाचें, आणि हे चार दिवस म्हणजे प्रयोगशाळेंतील आषाढच होय.

या परीक्षेचें महत्त्व खालच्या टोकास एकट्या राहणाऱ्या एका वृद्ध बाईंनीं आम्हांस पटविलें. त्या लग्न होऊन आल्या तेव्हां रस्त्यावरून दोन पायऱ्या चढून अंगणांत जावें लागे. दर दुरुस्तीस जुन्या थरावर नवा थर पडत गेला. आज त्यांना अंगणांत उतरावें लागतें, आणि श्रावणांत पाणी ओटीवर येतें. त्या म्हणाल्या, "रस्ता नाहीं झाला तरी चालेल, पण आणखी उंच करूं नका."

परीक्षेचा निष्कर्षहि तोच निघाला: जुने थर खरवडून काढावे, खालच्या टोकाची ओली माती उपसून तेथें चांगला मुरूम थराथरानें दाबावा, आणि सर्वांआधीं गटार मोकळें करावें. त्यासाठीं मोटारी आंत नेण्याकरितां लोकांनीं गटारावर घातलेले उतार फोडणें प्राप्त होतें. त्यावरून पुष्कळ कुरबुर झाली; परंतु त्या ओटीवरील पाण्याची खूण प्रत्येकानें जाऊन पाहिल्यावर विरोध मावळला.

आमची वाचकांस एवढीच विनंति आहे, कीं आपल्या आळींत असे खड्डे खणले जात असतील तर त्रागा करूं नये. जवळ उभें राहून तळची माती हातांत घ्यावी, आणि ती ओली लागल्यास तें पाणी कोणाच्या दारांतून येतें तें पाहावें.